वाळूतल्या बग्गीला सीट कोणती आणि कापड कोणतं?

प्रश्न असा आहे. शारजात राहणारे दोन मित्र पाइपच्या सांगाड्यावर दोन जणांची ड्यून बग्गी बनवून घेत आहेत. मागे सुबारूचं 2.5 लिटरचं इंजिन. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी अल बदायरच्या लाल वाळूत चालवायची. एकाची उंची सहा फूट, दुसऱ्याची पाच फूट चार इंच, आणि गाडी दोघंही चालवणार. जुन्या स्पोर्ट्स कारच्या सीट घेऊन त्या काळ्या लेदरने मढवायच्या, वर लाल दोऱ्याची चौकडीची शिवण, असा त्यांचा बेत आहे. गाडी उघड्या पार्किंगमध्ये राहणार. हे चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

नाही चालणार. सीटही नाही आणि लेदरही नाही. पण नुसतं नाही म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही, म्हणून सविस्तर सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रक आणि जीपच्या सीट शिवता शिवता माझा हात बसला, आणि गेली 19 वर्षं मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात हेच काम करतो. वाळूतल्या गाड्यांच्या सीट इतक्या उसवून पाहिल्यात की सीट खराब कशी होते हे आता हाताला कळतं.

आधी कारच्या सीटचं बघू. त्या बनतात डांबरी रस्त्यासाठी, बंद काचांच्या गाडीसाठी. पाठ मागेपुढे करायची त्यांची यंत्रणा वाळूने आठ-दहा फेऱ्यांत जाम होते. जाड फोम रात्रीचं दव पितो आणि आतून सुकत नाही. मोटर असलेल्या सीटचं वजनही भरपूर असतं. बऱ्याच नव्या गाड्यांच्या सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असते, तिच्यात स्फोटक असतं. भंगारातून आणलेली सीट कुणी हौशीने उसवायला बसला तर हात जायचा. आणि सगळ्यात मोठी अडचण ही की चार किंवा पाच टोकांचा हार्नेस, म्हणजे खांदे आणि कंबर दोन्ही आवळणारा शर्यतीच्या गाडीतला पट्टा, नीट ओवायला त्या सीटला भोकंच नसतात.

आता मुख्य मुद्दा. लोक माझ्याकडे येतात ते कापडाचे नमुने बघायला. मी त्यांना म्हणतो, कापड शेवटी. बग्गीची सीट ठरते ती गाडी टेकडीच्या शेंड्यावरून सुटून खाली आदळते त्या क्षणाला. वाळूत पुढच्या बाजूचा उतार दिसत नाही. वेग थोडा जास्त झाला की चारही चाकं उचलली जातात आणि गाडी सपाट आदळते. तेव्हा माणसाचा सगळा भार कण्यातून खाली येतो. कंबरेचा मणका दबणं, पिचणं हे या खेळातलं ओळखीचं दुखणं आहे.

इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. मऊ आणि जाड गादी म्हणजे पाठीला सुख, असं वाटतं. होतं असं की गाडी खाली आदळून थांबते, पण तुम्ही त्या मऊ फोममधून खालीच जात असता. फोम तळाला लागेपर्यंत तुमच्यात आणि सीटच्या पत्र्यात वेगाचा फरक वाढलेला असतो, आणि मग तुम्ही पत्र्यावर आदळता. म्हणजे गाडीला एक धक्का बसला आणि तुम्हाला त्याहून मोठा. चार इंच मऊ फोमपेक्षा एक इंच कडक फोम परवडला.

यावरचा जुना उपाय म्हणजे सस्पेन्शन सीट. गावाकडे ज्यांनी बाज वापरली आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल: ही सीट म्हणजे बाज आहे. पाइपची चौकट, तिच्यावर ताणलेलं जाड कापड किंवा नवारीसारखे पट्टे, आणि ते सगळं दोरीने आवळून बांधलेलं. खाली पत्राच नाही, त्यामुळे आदळायला काही नाही. पूर्ण बैठक थोडी खाली जाते आणि सावकाश वर येते. वाळू आणि पाणी खालून निघून जातं. आणि बाजेसारखीच ही सीटही काही महिन्यांनी सैल पडते, तेव्हा दोरी पुन्हा आवळायची. बाजारात तयार मिळतात. चौकट तयार घेऊन वरचं काम करून घेतलं तरी चालतं. चौकट मात्र हौशी वेल्डरकडून करून घेऊ नका. तिथे काटकसर करायची जागा नाही.

बैठकीखाली किती मोकळी जागा सोडायची हे लोक विसरतात. ताणलेली बैठक आदळताना दोन-तीन इंच खाली जाते. तिच्याखाली बॅटरी, अग्निशामक किंवा पाइपचा आडवा दांडा असेल तर सस्पेन्शन सीट असून नसल्यासारखी. एका गाडीत मी हे स्वतः पाहिलं आहे: बैठकीच्या बरोबर मध्यावर खाली सांगाड्याचा आडवा पाइप, आणि कापडावर आतून घासल्याची लांब काळी रेघ. मालकाच्या पाठीचं दुखणं कापडात नव्हतं, त्या पाइपात होतं.

सीट बसवताना ती सांगाड्याला वेल्ड केलेल्या जाड पट्ट्यांवर बोल्ट करा. अॅल्युमिनियमच्या तळपत्र्यावर नाही.

दोघांच्या उंचीत आठ इंचांचा फरक आहे, तेव्हा हार्नेसचं आधी ठरवा. खांद्यावरचे पट्टे खांद्यापासून मागे सरळ जावेत, फार तर 20 अंश खाली उतरावेत. त्याहून जास्त खाली ओढले गेले तर गाडी आदळताना पट्टाच कणा खाली दाबतो. म्हणून पाठीतली भोकं उंच मित्राच्या खांद्याला मापून ठेवा, आणि कमी उंचीच्या मित्राला खालून वर घ्या. त्यासाठी बंद पेशींच्या (पाणी न पिणाऱ्या) कडक फोमची एक वेगळी गादी शिवून घ्या, सीटला पट्ट्याने घट्ट बांधता येईल अशी. घरातली उशी पाठीमागे किंवा खाली कोंबू नका. उशी दबली की तेवढा हार्नेस सैल होतो, आणि सैल हार्नेस म्हणजे अर्धवट हार्नेस. कमरेचा पट्टा पोटावर नाही, ओटीपोटाच्या खाली हाडावर बसला पाहिजे. पाचवा पट्टा, जो मांड्यांमधून वर येतो, तो माणूस पट्ट्याखालून पुढे घसरू नये म्हणून असतो. त्याच्यासाठी बैठकीत भोक लागतं, ते कापड बेतण्याआधीच सांगा. शिवून झालेल्या बैठकीला मागाहून कापलेलं भोक तिथूनच फाटत जातं.

हार्नेसवरची तारीखही बघा. शर्यतीच्या सामानाची मानकं ठरवणाऱ्या एसएफआय या अमेरिकी संस्थेचा 16.1 हा शिक्का असलेला हार्नेस बनवल्याच्या तारखेपासून दोन वर्षांनी बदलायचा असतो, त्याचं कारण ऊन. इथल्या उन्हात ते जास्तच खरं आहे.

पाय पेडलपर्यंत पोचायला चालकाच्या सीटला सरक लागेल. तिला ग्रीस लावू नका. ग्रीस आणि वाळू मिळून घासकागदाची पेस्ट होते. कोरडं वंगण वापरा आणि दर फेरीनंतर हवा मारा.

आता कापड. इथे तीन शत्रू आहेत: ऊन, वाळू आणि घाम. पावसाची भीती कमी, पण किनाऱ्याजवळच्या हिवाळी रात्रींचं दव आणि हवेतलं मीठ धरून चला.

लेदर म्हणून बाजारात जे दाखवतात त्यातलं बरंचसं पीयूचं असतं, म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. उष्ण आणि दमट हवेत तो थर आतून सुटतो आणि पापुद्रे निघू लागतात. सोफ्यावर पाहिलं असेल, पाठ टेकली की शर्टाला काळे कपचे चिकटतात. खरं लेदर त्याहून टिकाऊ, पण त्याला वरचेवर तेल-मलम लागतं. मलम लावलेल्या लेदरवर बारीक वाळू चिकटून बसते आणि तुम्ही प्रत्येक धक्क्याला तिच्यावर घासत राहता. घामाचं मीठ मुरतं, कोरड्या उन्हात ते ताठरतं, आणि टाक्यांच्या ओळीवरच चीर जाते. घरच्या गाडीत लेदर जरूर लावा, माझी काही तक्रार नाही. बग्गीत नको.

साधं रेक्झिन स्वस्त असतं, पण उन्हाने त्यातला मऊपणा उडून जातो आणि ते ताठ होऊन तडकतं. बोटींसाठी बनलेलं मरीन व्हिनाइल ही त्याचीच सुधारलेली जात. त्यात उन्हाला आणि बुरशीला तोंड देणारी द्रव्यं असतात, पाठीला पॉलिएस्टरचं अस्तर असतं. बाजूच्या उशा, डोक्यामागचा भाग, पाठीची मागची बाजू यांना मी तेच लावतो. पुसलं की स्वच्छ. बसायच्या जागी मात्र नाही, कारण ते श्वास घेत नाही. चालवताना माणूस घामाने निथळतो आणि ओल्या व्हिनाइलवर घसरतो.

बसायच्या आणि पाठीच्या मधल्या भागाला माझी पसंती पीव्हीसी मढवलेल्या पॉलिएस्टरच्या जाळीला. बोटींच्या आणि बागेतल्या खुर्च्यांना लावतात ती. हातात घेतली तर थोडी खरबरीत लागते, पण वारा खेळतो, घाम सुकतो, आणि वाळू वर साठण्याऐवजी गळून जाते. खरबरीतपणा उलट कामाला येतो, माणूस जागेवर राहतो. ज्यांना ती टोचते त्यांना मी 1000 डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) जाड विणलेलं कापड देतो. त्यातही पॉलिएस्टर मागा. नायलॉन घासण्याला चिवट असतो, पण उन्हात तो पॉलिएस्टरपेक्षा लवकर दम तोडतो, आणि तुमची गाडी तर बारा महिने उन्हात.

रंग पक्का आहे का हे विचारताना धागा कधी रंगवला ते विचारा. काही धागे बनायच्या आधीच रंग आत मिसळतात, मग धागा होतो. जसं थालीपिठाच्या पिठातच हळद घातली तर आत-बाहेर पिवळं. वरून भुरभुरली तर पहिल्या पुसण्यात गेली. असं मुळातून रंगवलेलं ॲक्रिलिक कापड उन्हात वर्षानुवर्षं विटत नाही. पण सीटला मी ते लावत नाही, कारण वाळूच्या घासण्याला ते पॉलिएस्टरइतकं टिकत नाही आणि आग लागली तर जोरात पेटतं. ते घ्या बग्गीच्या झाकणीसाठी. उघड्या पार्किंगमध्ये चांगली झाकणी असली तर सीटचं आयुष्य सरळ वाढतं. झाकणी श्वास घेणारी हवी; प्लॅस्टिकची ताडपत्री टाकलीत तर खाली दव कोंडून सगळं आंबेल.

आगीचा विषय निघालाच आहे तर तो टाळू नये. इंजिन तुमच्या पाठीशी आहे, पेट्रोलची टाकी जवळ आहे, आणि पाच टोकांचा हार्नेस सोडून बाहेर यायला वेळ लागतो. गाड्यांच्या आतल्या कापडासाठी अमेरिकेचा एफएमव्हीएसएस 302 हा नियम आहे: आडवं धरलेलं कापड मिनिटाला 102 मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जळू नये. विक्रेत्याला हा आकडा विचारा. त्याला माहीत नसेल तर तो गाडीचं कापड विकत नाहीये, पडद्याचं विकतोय. मी शिवाय बोटभर तुकडा चिमट्यात धरून, मोकळ्या जागी, बादलीवर पेटवून बघतो. काही कापडं ज्योत काढल्यावर विझतात. काही थेंब थेंब जळत गळतात. दुसऱ्या जातीचं कापड दुकानात येऊ देत नाही.

लाल दोऱ्याची चौकडी फोटोत देखणी दिसते, मला मान्य आहे. पण टाका म्हणजे भोक. एका सीटवर चौकडी घातली की हजारो भोकं पडतात, आणि प्रत्येकातून वाळू आत जाते. शिवाय चौकडीच्या खोलगट रेघांत ती साठून राहते, बसल्यावर कळते. त्याऐवजी वरून खाली जाणारे तीन-चार पट्टे करा आणि लाल रंग हवाच असेल तर एक पट्टा लाल कापडाचा लावा.

दोऱ्याबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण सीट फाटते ती कापडात क्वचितच. ती उसवते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गिऱ्हाइकाच्या दोन सीट चांगल्या चिवट नायलॉन दोऱ्याने शिवल्या. हाताने ओढून तुटत नव्हता. गाडी उन्हाळाभर उघड्या अंगणात उभी राहिली. ऑक्टोबरमध्ये तो आला, मी बाजूच्या उशीच्या शिवणीत अंगठा घातला आणि शिवण जुन्या वर्तमानपत्रासारखी सुटत गेली. कापड ठणठणीत होतं. दोरा मेलेला होता. मी त्या दोन्ही सीट पुन्हा शिवून दिल्या, पैसे न घेता, आणि त्या दिवसापासून उन्हातल्या कामाला फक्त बॉन्डेड पॉलिएस्टर दोरा वापरतो, टेक्स 90 चा (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप), आणि जिथे ओढ जास्त तिथे टेक्स 135. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा दोरा उन्हाने मरतच नाही, पण महाग पडतो आणि घसरडा असल्याने मशीनवर जपून चालवावा लागतो. परवडत असेल तर फक्त वरच्या, उन्हात दिसणाऱ्या शिवणींना तो वापरा.

उन्हाबरोबर वाळूही दोरा कापते. अशीच एक बैठक मी टेबलावर उलटी करून उसवली होती. पहिल्यांदा काही दिसलं नाही. शिवणीची घडी उलगडली तर आत तांबड्या वाळूची बारीक ओळ, पेन्सिलच्या रेघेएवढी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. प्रत्येक धक्क्याला घडी उघडते आणि मिटते, आणि ते कण दोऱ्यावर करवतीसारखे फिरतात. वाळूचा कण मुख्यत्वे क्वार्ट्झचा, लोखंडी खिळ्याहून कठीण. दोऱ्याची काय कथा. यावर उपाय म्हणजे शिवण बंद करणे: घडी एका बाजूला दाबून वरून दुसरी शिवण मारायची. टाका मोठा ठेवायचा, इंचाला पाच किंवा सहा. बारीक टाका मजबूत असतो ही शर्टावरून आलेली कल्पना आहे. व्हिनाइलवर बारीक टाका घातला की टपाल तिकिटासारखी भोकांची ओळ तयार होते आणि ते तिथूनच फाटतं. आणि कुठलीही शिवण बसायच्या हाडांखाली येता कामा नये. बेतताना हे सांभाळणारा कारागीर निवडा.

गोट, म्हणजे पायपिंग, कडेला सुंदर दिसतो पण चढ-उतार करताना पहिला तोच घासतो. बग्गीला दार नसतं, माणूस कडेवर मांडी घासूनच आत जातो. तिथे गोट नको, दुहेरी कापड द्या. वेल्क्रो वाळूने भरला की पकडत नाही. चेन लावायचीच तर मोठ्या प्लॅस्टिक दातांची, धातूची नको. मीठ लागलं की ती गंजून बसते. खोळ काढून धुता यावी म्हणून मी दोरीने बांधायची पद्धत पसंत करतो.

फोमविषयी थोडक्यात. सस्पेन्शन सीटवर एक ते दीड इंच पुरे, 40 डेन्सिटीचा किंवा त्याहून कडक. पाणी आरपार जाणारा, मोठ्या छिद्रांचा मरीन फोम मिळाला तर उत्तम. मेमरी फोम उन्हात तापून लोण्यासारखा मऊ पडतो आणि थंडीत पहाटे लाकूड होतो, म्हणून इथे त्याच्या नादी लागू नका.

रंग काळा नको. दुपारच्या उन्हात काळं व्हिनाइल 70 अंशांच्या वर जातं, उघड्या मांडीला चटका बसतो. पांढऱ्याची तिरीप डोळ्यांत येते आणि लाल धुळीने तो दोन फेऱ्यांत मळका दिसतो. फिका राखाडी किंवा वाळूचाच रंग घ्या.

काही जण मला जुन्या बग्ग्यांचे फोटो दाखवतात, बुटक्या पाठीच्या गोल सीटचे. ब्रूस मेयर्स यांनी 1964 साली कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला मेयर्स मँक्स ही ड्यून बग्गी बनवली, फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रसामग्रीवर फायबरग्लासची काया चढवून. त्या गाडीबद्दल मला मनापासून आदर आहे. 1967 ची पहिली मेक्सिकन 1000 ही मेक्सिकोच्या वाळवंटातली शर्यत एका मँक्सनेच जिंकली. पण समुद्रकिनारी हिंडायची ती बुटकी पाठ आणि आजची खांद्यावरून येणारी हार्नेस यांचा मेळ बसत नाही. पाठ किमान डोक्याच्या मागेपर्यंत हवी. रूप मँक्सचं हवं असेल तर रंगात आणा.

पुण्या-कोल्हापुरातली इंजिनिअरिंगची मुलंही बाहा या, विद्यार्थ्यांनी स्वतः खडबडीत रानात चालणारी गाडी बनवायच्या स्पर्धेच्या गाडीसाठी मला हेच विचारतात. त्यांच्याकडे चिखल असतो, तो पाइपाच्या पाण्याने धुऊन जातो. वाळूला पाणी मारू नका, ती शिवणीत आणखी खोल बसते. आधी हवा मारा, मग मऊ ब्रश, मग ओलं फडकं.

तुमच्या बाबतीत शेवटचं काम असं करा. चौकट सांगाड्यात नुसती टाचून बसवा, कापड न लावता, फक्त पट्टे ताणून. दोघांनीही हेल्मेट घालून, हार्नेस आवळून, अर्धा तास त्यात बसा. हेल्मेट आणि वरचा रोल केजचा (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या पिंजऱ्याचा) पाइप यांत उंच मित्रासाठी किमान तीन इंच राहतात का बघा. पाय पेडलवर पूर्ण दाबून बघा, मान वळवून आरसा दिसतो का बघा. कुठे टोचतं, कुठे अधांतरी राहतं, तिथे खडूने खूण करा. त्या खुणांसकट चौकट कारागिराकडे न्या, म्हणजे फोम कुठे जाड आणि कुठे पातळ ते त्याला तुम्हाला विचारावं लागणार नाही.